राख मोजायच्या यंत्राचं कव्हर

भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीमागे कापड रंगवायचा एक कारखाना आहे. त्याच्या बॉयलरमध्ये काय जाळतात ते कुणालाच धड ठाऊक नाही. कधी कोळसा, कधी वापरलेलं काळं तेल, आणि खिडक्या लावूनही डोळे चुरचुरले की समजायचं, आज काहीतरी खास आहे. राख मात्र भेदभाव करत नाही. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ती सारखीच बसते. राष्ट्रीय एकात्मता आमच्याकडे अशी वरून पडते.

आई गिरगाव सोडून इथे आली ती मोकळ्या हवेसाठी. इथे तिला खोकला जडला. डॉक्टर म्हणाले, अशा राखेत शिसं, निकेल, व्हॅनेडियम अगदी कणभर असतं, पण रोज छातीत गेलं की बाधतं. राख बंद करा, नाहीतर घर बदला. आईचं लक्ष पिशवीतला चष्मा शोधण्यात होतं. तिने मला हळूच विचारलं, व्हॅनेडियम जेवणाआधी घ्यायचं की नंतर.

घर बदलणं शक्य नव्हतं, म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे लागलो. हवा तपासून वाईट रिपोर्ट हातात आला तरच कारखान्याला चिमणीवर फिल्टर बसवायला लावता येईल, असं ते म्हणाले. त्यासाठी मीटिंगा झाल्या. तपासायला येणाऱ्यांना समोसे द्यायचे की ढोकळा, यावर बराच खल झाला. शेवटी लॅबची माणसं आली, गच्चीवर एक यंत्र ठेवून गेली. ते दिवसभर हवा ओढणार आणि आतल्या पांढऱ्या कागदावर राख जमणार. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून गच्चीची किल्ली आमच्याकडे दिली.

आता आमच्या घरात मिक्सरला कव्हर असतं, रिमोटला प्लास्टिक असतं, सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हरावर चादर. संध्याकाळी मी गच्चीवर गेलो तर यंत्राने आईने जुन्या चादरीचं दुहेरी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घातलेलं, खाली नाडीने घट्ट आवळलेलं. आतून बिचारं घरघरत होतं. आई जिन्यात धापा टाकत बसली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"एवढं महागाचं मशीन उघड्यावर टाकून गेले. सकाळीच राख बसायला लागली होती रे त्यावर. तेव्हाच घातलं, आत्ता नाडी बघून आले," ती म्हणाली.

अशा रीतीने भाईंदरची हवा दुहेरी सुती चादरीतून गाळून तपासली गेली. रिपोर्ट आला, सगळे धातू मर्यादेत. कारखान्याने तो लॅमिनेट करून गेटवर लावला. मी सेक्रेटरींना कव्हराची हकिकत सांगून परत तपासणी करा म्हटलं. ते हसले. "अभी रिपोर्ट अच्छा आया है, तो फ्लॅट का भाव भी अच्छा रहेगा. छोडो ना."

आईला कुणीतरी खाली बाकावर ही आनंदाची बातमी दिली. ती वर आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणजे हवा चांगली आहे. खोट माझ्याच छातीत आहे."

खरं सांगितलं असतं तर खोट तिच्या शिवणात निघाली असती. मला रिपोर्टचा, सेक्रेटरींचा, सगळ्यांचा भयंकर राग आला आणि मी तिचा रिकामा पेला विसळायला आत नेला. हल्ली खोकल्याची उबळ आली की ती बाथरूममध्ये जाते आणि आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवते.