आठला लूम थांबला की

भिवंडीतल्या माझ्या जुन्या खोलीखाली कापड विणायचे लूम चालायचे. फरशी सदा थरथरायची आणि तिच्याबरोबर माझ्या टाकीतलं खारं पाणीही. टाकीत नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची जोडी होती, मादी मोठी, नर लहान. दिवसभर ती दगडामागं दडून बसायची. संध्याकाळी आठला शिफ्ट बदलताना लूम थोडा वेळ थांबायचे, तेवढ्यात मी त्यांना खायला घालायचो. पुढं पुढं अशी सवय जडली, की खालचा खडखडाट थांबला रे थांबला, दोघं उजव्या कोपऱ्यात वर येऊन तोंडाची उघडझाप करत उभे. बायको म्हणायची, नवऱ्यापेक्षा मासे वेळेचे पक्के.

हा नाद मला लावला गोदामातल्या मित्रानं. आमची ड्युटी एकच, जेवणाचा डबाही एकच. पाण्यात मीठ किती, पाणी कधी बदलायचं, सगळं त्यानंच शिकवलं. भिवंडीबाहेर शेलार गावात फ्लॅट घेतला तेव्हा टाकीही मोठी, चार फुटी करायची ठरवली. तो म्हणाला, "नव्या टाकीचं पाणी महिनाभर मुरू दे. तोवर जोडी माझ्याकडं ठेव. घाई केलीस तर मारशील त्यांना." त्याचा शब्द म्हणजे मला काळ्या दगडावरची रेघ. त्याचं घर जुन्या खोलीपासून दोनच गल्ल्या सोडून. पाण्याची पिशवी पोटाशी धरून मी जोडी चालत नेली.

बाराव्या दिवशी तो शेलारला आला. हातात आइस्क्रीमचा छोटा डबा, चारी बाजूंनी टेप मारलेला. "गेले रे दोघंही. उघडू नको, वास सुटलाय." मी चांगला बाप्या माणूस, पण रडलो. त्यानं माझ्या पाठीवर हात फिरवला, खाऱ्या पाण्याचं असंच असतं म्हणाला, आणि बाल्कनीतल्या जास्वंदीच्या कुंडीत डबा पुरायला स्वतःच्या हातानं माती उकरली.

मोठी टाकी नुसतं पाणी आणि दगड घेऊन उभी राहिली. दुसरे मासे आणायला मन होईना. काही महिन्यांनी बायकोनं टोचून टोचून तयार केलं, तेव्हा नवी जोडी कुठून आणावी ते विचारायला मी त्याच्या घरी गेलो, फोन न करता. तो जरा चपापला. त्याच्या टाकीत क्लाऊनफिशची जोडी होती. "ठाण्याहून आणली, गेल्या आठवड्यात. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." खरं सांगतो, मला बरंच वाटलं. हे मासे दिसायला सगळे सारखेच, शंका कशाला घ्यायची?

मग आठ वाजले आणि शेजारचे लूम थांबले. दगडामागून दोघं निघाले, उजव्या कोपऱ्यात वर आले आणि तोंडाची उघडझाप करत उभे राहिले.

चहा घेऊन आलेल्या वहिनी हसल्या. "बघा भाऊजी, इतके महिने झाले, रोजचंच हाय ह्यांचं. लूम थांबला की वर येतात. आमी तर सकाळीच खायला घालतो. कोनी लावली ही सवय, कळत न्हाय."

"मी लावली, वहिनी," मी म्हणालो.

त्यांना काही उमगलं नाही. मित्र टाकीची नळी उगाच सरळ करत राहिला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आता इथं रुळलेत. परत हलवशील तर मरतील." हे खरं की खोटं, मला ठरवता येईना. माशांमधलं मला जे काही कळत होतं, ते सगळं त्याच्याकडूनच आलेलं.

चहा तसाच ठेवून निघालो. रस्ताभर संताप होत होता, त्याचा आणि माझाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मोकळेपणी मागितली असती तर जोडी मी त्याला दिलीही असती.

घरी येऊन कुंडी उकरली. डब्याची टेप दातांनी तोडली. आत लूमवरच्या चिंध्या होत्या, ओल्या करून दोन पुरचुंड्या बांधलेल्या. एक मोठी, एक लहान.