बोटभर फिरलेली छत्री

सर्व संबंधितांस, म्हणजे तुम्हांस, याद्वारे कळविण्यात येते की राजधानी रायपूर येथे, एका रविवारी सकाळी, एका सभ्य मराठी घरातील इंटरनेट अकस्मात बंद पडले. सदर घटनेची घरगुती चौकशी झाली, कारण ठरले, दोषी व्यक्तीने गुन्हा कबूल केला आणि प्रकरण मिटले. फक्त एवढंच, की दोषी व्यक्ती चुकीची होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

हसताय? हसा. मीही हा किस्सा लोकांना हसवायलाच सांगत आलोय. आमच्या नात्यात कुठेही लग्नकार्य असलं की जेवणं झाल्यावर फर्माईश येते, ‘तो नेटवाला सांगा!’ आणि मी सांगतो — सगळ्यांचे आवाज काढून, हातवारे करून. लोक पोट धरून हसतात. पण तो किस्सा मी नेहमी एका जागी थांबवतो. आज पुढे जायचं आहे. बघू, जमतं का.

तेव्हा मंत्रालय नुकतंच नव्या रायपूरला हललं होतं. आम्ही रुळांलगतच्या गुढियारी वस्तीत वाढलेली माणसं. वडील रेल्वेत, मालगाड्यांचा खडखडाट नसला तर झोप यायची नाही. मी मात्र साहेबी थाटात नव्या राजधानीच्या वाटेवर, उघड्या माळावर घर बांधलं. समोरचा रस्ता एवढा रुंद की पलीकडच्या माणसाला रामराम करायचा तर ओरडावं लागे. बस दिसली तर आम्ही एकमेकांना हाक मारून दाखवत असू! फोनची तार आमच्यापर्यंत आलीच नव्हती आणि मोबाइलवर जेमतेम बोलणं व्हायचं. म्हणून अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या भावानं, नंदूनं, हट्ट धरला आणि आमच्या गच्चीवर उपग्रहाची छत्री बसली. इंटरनेट थेट आकाशातून! शेजारचे साहूजी त्यांच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा आमच्या गच्चीवर आणत आणि छत्रीकडे असं बोट दाखवत, जणू ती त्यांनीच सोडली अंतराळात.

आणि आमचा रविवार! आई पहाटे न्हाऊन, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसायची. पडद्यावर नंदू यायचा — थोडा हलायचा, थोडा थिजायचा. आवाज आकाशात जाऊन यायला वेळ घेई. आई एक प्रश्न विचारी, उत्तर येण्याआधी दुसरा टाकी, मग दोघं एकदम बोलत आणि एकदम गप्प होत. शेवटी रेल्वेवाल्याच्या बायकोनं शिस्त काढली. आपलं बोलणं झालं की हात वर करून म्हणायचं, “हं, बोल आता.” हिरवी झेंडी! अजूनही रविवारी सकाळी मला ते ऐकू येतं.

मग बिघडलं काय? काही नाही. तेच तर. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “नंद्यानं छत्री लावून देल्ली बाप्पा, म्हणून त्याचं तोंड दिसते मले.” आता त्या छत्रीसाठी कंपनीच्या दारात खेटे कोणी घातले? खांबासाठी गच्चीला भोकं कोणी पाडली, आणि पुढच्या पावसात गळणारं छत कोणी झेललं? पण मी काय, माझं तोंड तर तिला रोज दिसायचं. फुकट.

हा मत्सर होता का? चाळिशीतल्या, मंत्रालयात खुर्ची असलेल्या, एका पोरीच्या बापाला मत्सर? मी त्याला तेव्हा ‘कंटाळा’ म्हणत होतो. किती सोयीचा शब्द!

छत्री बसवणाऱ्यानं जाताना बजावलं होतं, “भैया, एक उंगली भी हिली, तो खेल खतम.” आता तुम्ही सांगा, असं माणसाला सांगून ठेवावं का? त्या रविवारी, घर उठायच्या आधी, गच्ची झाडतो म्हणून मी वर गेलो, पान्यानं एक नट सैल केला आणि छत्री बोटभर फिरवली. बोटभरच. नट पुन्हा घट्ट केला. गच्चीही झाडली — खोटं कशाला बोला!

लग्नांतल्या किश्शात हे नसतं. तिथे इंटरनेट आपोआप बंद पडतं आणि मग सुरू होते धमाल. कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी मधाळ हिंदीत सांगते, मोडेम बंद करून चालू करा. मी करतो. पुन्हा करा. पुन्हा करतो. साहूजींचं निदान, “ऊपर बादल होगा,” आणि वर वैशाखातलं ठणठणीत निळं आकाश. मग सगळ्यांना ठाऊक असलेला जुना इलाज — मी गच्चीवर छत्रीला हात लावून, माझी बायको वैशाली जिन्यात, आणि मुलगी मिनू खाली मोडेमच्या दिव्यावर नजर ठेवून. मी ओरडणार, “आला का?” वैशाली ओरडणार, “आला का गं?” आणि मिनू, जी मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देते, “नहीं पापा, लाल ही है!” पूर्वी टीव्हीच्या अँटेनाला असंच फिरवायचो, आठवतं? पण अँटेनाला रायपूरचा टॉवर शोधायचा असतो. छत्रीला आकाशातला एक ठिपका.

इथे लोक हसून हसून रडतात आणि मी थांबतो.

मी तुम्हांला ‘एका रविवारी’ म्हणालो. तो कुठलाही रविवार नव्हता. त्या दिवशी नंदूच्या मुलाचं बारसं होतं.

आईनं त्या बाळाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पडद्यावर पहिल्यांदा पाहणार होती आणि इकडे बसूनच पाळणा म्हणणार होती. पाळणा तिनं स्वतः रचला होता. कुरडयांसाठी गव्हाचा चीक गाळता गाळता ती गुणगुणायची — ‘आजोबांची गाडी आली, झेंडी हिरवी झाली, जो बाळा जो.’ आमच्या वडिलांनी नातू पाहिला नाही, तर त्यांना तिनं गाडीत बसवून पाळण्यापर्यंत आणलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी वर गेलो. मला काय हवं होतं? तिनं माझ्याकडे वळून म्हणावं, बाबू, तूच कर आता काहीतरी. आणि मी वर जाऊन छत्री पूर्ववत करावी, आणि सगळ्यांनी — म्हणजे तिनं — पाहावं की हे घर कोण चालवतं. पाच मिनिटांचं नाटक. मीच नाटककार, मीच नायक.

तिनं म्हटलंही तसंच. मी ऐटीत वर गेलो, नट सैल केला, छत्री बोटभर मागे आणली. लाल. आणखी थोडी. लाल. डावीकडे, वर, खाली... ज्या जागेवरून मी ती हलवली होती, ती जागा मला पुन्हा सापडेना. घाम डोळ्यांत उतरत होता आणि खालून मिनूचं ‘लाल ही है’ येतच होतं. बाकीचं नाटक खोटं होतं, पण तो घाम खरा होता.

तेवढ्यात आई जिना चढून वर आली. गुडघे दुखत असताना. गच्चीच्या एका कडेला तिच्या कुरडया वाळत होत्या, जुन्या सुती लुगड्यावर. उन्हाळी वाऱ्यानं लुगडं उडू नये म्हणून त्याचं एक टोक तिनं आदल्या दिवशी छत्रीच्या खांबाला बांधलं होतं. तिनं ती गाठ पाहिली. मग छत्रीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“बाबू, ह्या गाठीनं तं नाई ना झालं रे? रातभर हवा सुटली होती...”

वैशाली जिन्यात होती. साहूजी कठड्यावरून वाकून पाहत होते. छत्रीतलं कळणारा त्या घरात मी एकटाच — असा सगळ्यांचा समज. एक ‘नाही’ पुरला असता. मी छत्रीकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं, आणि तज्ज्ञाच्या चेहऱ्यानं म्हणालो, “होऊ शकते.”

दोन शब्द. नट फिरवण्यापेक्षा ते जड होते. की हलके होते, म्हणून इतक्या सहज निघाले?

आईनं वाकून गाठ सोडली आणि लुगडं अर्धवट वाळलेल्या कुरडयांसकट गोळा केलं. त्या एकमेकींना चिकटल्या, तुटल्या. नंदूचा मोबाइलवर फोन आला — फोनवरच म्हण ना, आई. ती म्हणाली, बाळाचं तोंड पाहिल्याबिगर पाळणा कसा म्हणू? तुम्ही उरकून घ्या, मुहूर्त नका चुकवू. तिकडे कोणीतरी दुसऱ्याच बाईनं दुसराच पाळणा म्हटला.

कंपनीचा माणूस यायला बरेच दिवस गेले. आला, हातातलं यंत्र लावून छत्री जागेवर आणली आणि सहज म्हणाला, हवा से हिल गई होगी, लोग नट ठीक से कसते नहीं. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. पाणी प्यायला तो खाली आला, तेव्हा हे वाक्य मी तिच्यासमोर पुन्हा वदवून घेऊ शकलो असतो. मी त्याला पाणी दिलं आणि फाटकापर्यंत सोडून आलो.

त्यानंतर आमच्या गच्चीवर वाळवण पडलं नाही. बाजारच्या कुरडया येऊ लागल्या. आई म्हणायची गुडघे धरतात. असेलही. आता घरात केबलचं नेट आहे, छत्रीवर कबुतरं बसतात आणि आई नाही. तो पाळणा तिनं कधी कुणासमोर म्हटला नाही, म्हणून त्याची ती एक ओळ आता फक्त मला येते. मलाच, बघा.

नेट सुरू झालं त्या रविवारी ती तीच पंडरीची साडी नेसून बसली. बाळ आता मान धरू लागलं होतं. नंदूनं त्याला पडद्याजवळ आणलं आणि म्हणाला, “आई, म्हण आता पाळणा.” आम्ही सगळे मागे उभे होतो, माझ्या हातात तिचा चहा. ती पुढे सरकली, इतकी की तिचा श्वास काचेवर उमटला. तिनं एकदा त्या पोराचं तोंड डोळे भरून पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली,

“तुया बारशात म्याच खोडा घातला रे बापू, आजीचा राग नको धरजो!”