पाच फूट

आमच्या गावाच्या नाल्यात मी आता माती टाकतो आहे. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल, कारण हाच नाला खोल करा म्हणून दोन वर्षं अर्ज लिहिणारा माणूस मीच आहे.

आमचं गाव अकोला-अकोट रस्त्यापासून आत, खारपाणपट्ट्यात. इथे विहीर खोदली की खारं पाणी लागतं. पावसाचं गोडं पाणी वरच्या थरात मुरून राहतं, खाली सगळा खार. म्हणून नाल्याच्या काठी हातभर खोल झिरा करायचा आणि त्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. पिण्याचं गोडं पाणी तेवढंच.

नाला गाळानं भरला तेव्हा पाणलोट समिती झाली आणि मोजमाप माझ्याकडे आलं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो, मोजण्याची सवय आहे. काठावर खड्डा खणून प्रत्येक फुटाला पाणी चाखलं. पाच फुटांपर्यंत गोडं. सहाव्या फुटाला जिभेला खार लागला. मी लिहून दिलं: पाच फूट, त्याखाली एक इंचही नाही.

मे महिन्यात खोदायचं मशीन आलं. पाचव्या दिवशी मी अकरा ठिकाणी टेप लावला. कुठे चार फूट नऊ इंच, कुठे बरोबर पाच. दुसऱ्या दिवशी मला तिवशाला मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काका, तुमी लग्नाले चालले, तर सही करून जा ना. मशीन उद्या सकाळीच उचलतो."

माप बरोबर होतं. मी सही केली.

मशीन उचललं नाही. पुढचे दोन दिवस ते तिथेच चाललं. रस्त्यावरच्या एका प्लॉटच्या लेआउटला भराव हवा होता, माती तिकडे गेली. मी परत आलो आणि टेप सोडला. साडेनऊ फूट.

पावसाळ्यात नाला तुडुंब भरला. नारळ फुटले, फोटो निघाले, हारतुऱ्यांत मलाही उभं केलं. खारपाण्याबद्दल बोलायला लागलो तर एकजण म्हणाला, "आता पाणी दिसून राहिलं तरी तुमचं रडणं सुरूच!"

हिवाळ्यात वहिनी चहाचं पातेलं घेऊन ओसरीवर आली. आमच्या घरचं पाणी झिऱ्यावरून तीच आणते.

"भाऊजी, दूध नासकं देतो म्हणून मी गवळ्याले तोंडाले येईन थे बोलली. काल पिशवीचं आणलं, थेही फाटलं. डाळ तर दोन दिवसांपासून शिजूनच नाही राहिली."

मी झिऱ्यावर गेलो आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारं.

साडेचार फूट जास्त खणून खालचा खार वर यायला वाट करून दिली होती. गोडं पाणी त्या खड्ड्यात उतरून बिघडलं. आता बायका दीड किलोमीटरवरच्या टाकीवर रांग लावतात. वहिनीचे गुडघे दुखतात, ती दोन खेपा करते.

जास्तीचं खणलेलं बुजवून द्या म्हणून मी तालुक्याला, हे काम मंजूर करणाऱ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी फाइल उघडून माझ्याकडे फिरवली.

"रेकॉर्डवर खोली पाच फूट आहे. सही कुणाची?"

"माझी. पण त्या दिवसाची."

"मग तुम्ही खोटी सही केली का?"

"नाही."

"मग खोली पाच फूट. बुजवायचं काय?"

मी आयुष्यात एकही माप खोटं लिहिलं नाही, आणि माझ्या खऱ्या मापाचंच झाकण करून हे लोक त्यांचा खड्डा झाकत होते. मशीन गेल्याशिवाय सही करायची नसते, एवढं कळायला पन्नाशी यावी लागली, याचा रागही आहेच. पण तो माझा मी बघीन. माती नेणाऱ्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही, त्याचा राग कुठे ठेवू?

नवं मोजमाप लिहून दिलं, त्यावर सही केली, आधीची सही मशीन जाण्यापूर्वीची आहे हेही लिहिलं. उत्तर नाही. मग हिशेब मांडला. झिऱ्याजवळचा दोनशे फुटांचा तुकडा तरी बुजवायचा: तळ बारा फूट रुंद, साडेचार फूट भर, म्हणजे दहा हजार आठशे घनफूट, एकशेआठ ब्रास. चिकणमाती दाबून बसवायची तर सव्वाशे ट्रॉल्या धरा. माती आमच्या शेताच्या बांधाकडची.

पारावर हसले. "आधी खोदा म्हणून बोंबलला, आता बुजवा म्हणून बोंबलून राहिला."

"तुमच्या घरी चहा फाटत नाही का?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच दोघांचे ट्रॅक्टर आले.

काल नोटीस मिळाली: शासकीय कामाची नासधूस, सात दिवसांत खुलासा द्या. खुलासा एका ओळीचा लिहिला. चौकशीला येताना घरून पाणी आणू नका, आमच्या झिऱ्याचं प्या.

आज संध्याकाळपर्यंत एकतीस ट्रॉल्या पडल्या. चौऱ्याण्णव राहिल्या आहेत, आणि नाला वाहायला लागण्याआधी त्या पडतील.