गोंदातला अंगठा

शिकागोच्या कारखान्यात आयरीन स्पीकरच्या फोमची कड गोंदाने चिकटवायची. गोंदात तिच्या अंगठ्याचा ठसा उमटायचा. ती गेली आणि स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात जन्म घालवलेला तिचा नवरा स्टॅन त्या ठशासाठी वेडापिसा झाला. दिसेल तो जुना स्पीकर घरी आणायचा, उघडायचा आणि चुंबकावरच्या आकड्यांवरून तो बनल्याचं साल ओळखायचा. त्याला दुसरं काही सुचेना.

"आणखी एक धूड? झोपणार कुठं, छपरावर?" शेजारचा गस ओरडला.

"गप रे! मॉडेल तिचंच, सालही तिचंच!"

स्टॅननं स्पीकरचं खोकं उघडून फोम पाहिला. नवा होता. जुना गोंद खरवडून लख्ख पुसलेला. खोक्यात दुरुस्ती करणाऱ्याची चिठ्ठी डकवलेली होती, स्टॅनच्याच दुकानाची.