दिवसातून एकदा बदलणारा आकडा

माझा स्वभाव मुळात उतावळा. कुकरची वाफ जाईपर्यंत मला धीर नसतो, शिट्टी चमच्यानं वर उचलून धरते. आमटीत पळी टाकून उभी राहते. त्यामुळे मी पैसे म्युच्युअल फंडात घातले असं कळल्यावर माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. हे शाळेत खेळाचे मास्तर होते, सगळं आयुष्य शिट्टी मारून दुसऱ्याला पळवलं, स्वतः कधी पळाले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, "एफडी कर आणि गप झोप."

झोप लागणारे पैसेच नव्हते ते. माझ्या वाट्याचे पैसे होते.

आमचं माहेर पेठ वडगावजवळ. वडील गेल्यावर शेताची वाटणी निघाली. आम्ही दोघंच, मी थोरली आणि पाठचा एक भाऊ. आमच्याकडं अशा वेळी बहीण काय करते हे सगळ्यांना पाठ आहे. निबंधकाच्या ऑफिसात जाते, हक्कसोडपत्रावर सही करते, भाऊ साडी-चोळी करतो, येताना सगळी मिळून भजी खातात आणि बहिणीचं मन केवढं मोठं असं गावभर होतं. माझ्या आईनं केलं, आत्यानं केलं. मीही करायला निघाले होते. साडीसुद्धा आणून ठेवली होती त्यानं, मोरपंखी रंगाची. आणि आदल्या दिवशी काय झालं कोण जाणे, चहा पिता पिता माझ्या तोंडून निघून गेलं, "मला माझा वाटा पायजे."

भाऊ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मी दुप्पट चिडले असते. त्यानं कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाला, "अक्का, तुजा हक्क हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. घे पैसं. पण मग पंचमीला गाडी येणार न्हाय, ते बी ध्यानात ठेव."

नागपंचमीला त्याची गाडी यायची मला माहेरी न्यायला. लग्न झाल्यापासून एकदाही चुकली नव्हती. आधी मोटारसायकल, मग जीप.

शेत त्यानं स्वतःकडं ठेवलं आणि माझ्या हिश्श्याची किंमत मला दिली. घरावर माडी चढवायला म्हणून साठवलेले पैसे होते ते. आज त्याच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया तशाच उघड्या उभ्या आहेत. मोरपंखी साडीचं काय झालं, मी विचारलं नाही.

पैसे खात्यावर आले आणि मला सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. आमची मंगळवार पेठेत बायकांची भिशी आहे. त्या महिन्याला भिशी कुणाला लागली याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. एक म्हणाली गुजरीत जा, सोनं घे, अंगावर तरी दिसेल. दुसरीचा दीर पतसंस्थेत होता, तिथं म्हणे व्याज जास्त. तिसरीनं पर्समधून थेट प्लॉटचा नकाशाच काढला. मला सगळ्यांचा राग आला. माझ्या वडिलांच्या रानाचं काय करायचं हे या चिवडा खात ठरवणार!

मी राजारामपुरीत डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. केसपेपर काढायचा, नंबर लावायचे, पेशंटच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाकावर बसवायचं. तिथं एक मुलगी तिच्या अम्मीला मोतीबिंदूसाठी घेऊन यायची. पलीकडच्या गल्लीत क्लासच्या वरच्या मजल्यावर तिचं गुंतवणुकीचं छोटं ऑफिस होतं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जिना चढून गेले आणि म्हटलं, "मला समजेल असं सांग, आणि गोड बोलू नकोस."

तिनं सांगितलं. पुष्कळ माणसांचे पैसे एकत्र करायचे, बाजारातला एखादा जाणकार ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये लावणार. आपल्या पैशाच्या बदल्यात आपल्याला युनिट मिळणार. कंपन्यांचे भाव चढले की युनिटचा भाव चढणार, उतरले की उतरणार. "उतरले की?" मी विचारलं. "उतरतात मावशी," ती म्हणाली, "नक्की उतरतात. कधी, ते मला माहीत नाही. जो माहीत आहे असं म्हणेल त्याच्यापासून लांब राहा." हे मला आवडलं. भिशीतल्या एकीनंही असं सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, सगळे टाक आजच. तिनं ऐकलं नाही. थोडे एफडीत ठेवायला लावले, अडीनडीला. बाकीचे एका कमी धोक्याच्या फंडात ठेवून तिथून दर महिन्याला थोडे थोडे शेअरच्या फंडात जातील अशी सोय केली. एकदम चढ्या भावात सापडायला नको म्हणून. मग तिनं विचारलं, "हे पैसे कशासाठी आहेत? घर, लग्न, म्हातारपण?"

मुलगा पुण्याला नोकरीला आहे, घर आहे, त्याच्या बारशापासून लग्नापर्यंत सगळं उरकलंय. मी म्हटलं, "लिही म्हातारपण."

फोनवर ॲप घेतलं आणि माझ्या मागं भूत लागलं. सकाळी भाकरी थापता थापता बघायचे, रिक्षात बघायचे, पेशंटचा केसपेपर काढताना खाली धरून बघायचे. चार आण्यानं वाढलं की मी रिक्षावाल्याला सुट्टे पैसे सोडायचे. कमी झालं की नवऱ्यावर ओरडायचे. मधल्या काळात शेताला काय होत होतं? काही नाही. वडगावला जाणाऱ्या एका नातेवाइकानं सांगितलं, तुझ्या तुकड्यात ऊस डोक्याच्या वर गेलाय. तुझ्या तुकड्यात, असंच म्हणाला तो. ऊस बांधावर उभं राहून बघता येतो. फंड कुठं जाऊन बघायचा?

एकदा मी त्या मुलीला तक्रार केली की सकाळपासून दहा वेळा उघडलं, आकडा हलत नाही, ॲप बिघडलंय का? ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, युनिटचा भाव दिवसातून एकदाच ठरतो. बाजार बंद झाल्यावर, रात्री. दिवसभर तुम्ही कालचाच आकडा बघताय."

हे कळल्यावर शहाणं माणूस थांबलं असतं. मी थांबले नाही. दिवसभर कालचाच आकडा बघत राहिले. आमचे डॉक्टर एकदा बघून गेले, म्हणाले, "औषध घातल्यावर पेशंट डोळे उघडतात म्हणून तुम्ही किती रागावता! आता तुम्हीच जरा डोळे मिटून बसा."

पंचमी आली. मी मुद्दाम रजा काढली नाही, कशाला काढायची? पण दवाखान्याच्या दारात जीप थांबली की मान आपोआप वर व्हायची. संध्याकाळी घरी आले तर नवऱ्यानं स्वतः पुरणाची दिंडं आणून ठेवली होती, कुठून तरी विकतची. मी ती खाल्ली नाहीत. मला भयंकर वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते नीट कळलं नाही.

नवरात्र संपलं आणि बाजार पडायला लागला. आधी थोडा, मग रोज. लाल आकडा, खाली टोक केलेला लाल बाण. भिशीत आता सगळ्यांना माझी दया येत होती. सोनं मात्र चढत होतं, आणि ते मला आठवणीनं सांगितलं जात होतं. मला मात्र वेगळीच आग लागली होती. माझ्या मनात गेले कित्येक दिवस एक बेत होता आणि तो मी नवऱ्यालाही सांगितला नव्हता. सगळे पैसे काढायचे, वडगावला जायचं, त्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचं, हे घे, तुझी माडी बांध आणि माझी पंचमी मला परत दे.

आणि आता ते पैसे त्यानं दिले त्याहून कमी झाले होते.

मी तिरीमिरीत जिना चढले. "मोड सगळं," म्हटलं. त्या मुलीनं वाद घातला नाही. म्हणाली, "मोडता येईल, दोन-तीन दिवसांत खात्यावर येतील. पण आज मोडलंत तर हा तोटा कायमचा होईल. एवढी निकड काय आहे?" मी सांगितलं, परत द्यायचे आहेत भावाला. तिनं समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "त्यांनी मागितलेत का?" मला त्या पोरीचा असा राग आला! "उद्या येते," म्हणून मी खाली उतरले.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. भावजय. माझ्या भावाची बायको, जी वाटणीच्या दिवशी माझ्याकडं बघायलाही तयार नव्हती.

"वन्सं, मी बोलतोय. बारीक आवाजात बोलतोय, हे गोठ्यात गेल्यात."

"काय झालंय? बरा हाय न्हवं त्यो?"

"बरं हाईत की. माझंच काम हाय. माझ्या म्हायेरी वाटणी निघालीया. भाऊ म्हणतोय सही कर, साडी-चोळी करतो."

"मग? तुजा नवरा काय म्हणतोय?"

"हे म्हंत्यात, अजाबात सही करू नगंस. हक्क हाय तुजा, रोख घे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीला पंचमीची गाडी बंद, आणि बायकोला हक्क! मग मला एकदम हसू आलं, आणि पलीकडं तीही हसायला लागली, तोंडावर पदर धरून हसतात तशी.

"आणि रोख घेऊन काय करायचं म्हणतोय त्यो?"

"ट्रॅक्टर घिऊया म्हंत्यात. म्हणून तर तुमास्नी इचारतोय. माझ्या नावावर काय तरी ऱ्हावं की. तुम्ही त्या फंडात घातलंय म्हणं. ते कसं असतंय?"

मी सांगितलं. जिना चढून ऐकलेलं सगळं, माझ्या भाषेत. उतरतं ते आधी सांगितलं. तिनं विचारलं, तुमचं किती झालं? मी खरं सांगितलं, घातलं त्यापेक्षा आज कमी आहे. वाटलं, आता ही फोन ठेवणार.

"ते ऱ्हाऊ दे वन्सं," ती म्हणाली, "मला एकच सांगा. तुम्ही घेतलंसा म्हणून माझ्या बी मनात आलं. पर भाऊ बोलायचं थांबला, तर बाईमाणसाला निभतं काय?"

हे मला माझ्याच भावाची बायको विचारत होती. उद्या मी पैसे नेऊन त्याच्यापुढं ठेवले, तर हिला काय उत्तर मिळणार, ते मला लख्ख दिसलं. बहिणी शेवटी परतच आणून देतात, असं.

"निभतं," मी म्हटलं. "जेवण जातंय, झोप लागतीया, काम हुतंय. पर फोन वाजला की दर खेपंला वाटतंय, त्योच असंल."

पलीकडं म्हैस ओरडली. ती हळूच म्हणाली, "वन्सं, हे रोज जेवण झाल्यावर तुमचा नंबर काढून बसत्यात. जरा वेळ बघत्यात आन् फोन उलटा ठिवून देत्यात. मी बघतोय की रोज."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. नवरा दारात येऊन उभा राहिला. "लई पडला काय बाजार?" त्यानं विचारलं.

सकाळी मी भावाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. तोच म्हणाला, जणू काल संध्याकाळचंच बोलणं पुढं चाललंय, "अक्का, मार्केट पडलंय म्हणं."

"व्हय. लई पडलंय."

"मग? मोडलंस काय?"

"मोडून तुला परत द्यायचं म्हणत हुतो."

मागं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. आता ठेवतो फोन, असं मला वाटलं.

"मला कशाला?" तो म्हणाला. "तुजं हाय त्ये." मग घसा खाकरून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, "भाऊबीजंला येतोय. मटण मी घिऊन येतो, तुमच्या शहरातल्यावर माझा इस्वास न्हाय. दाजीस्नी सांग. आणि हिचं बी ते फंडाचं कायतरी बघ, रातभर डोस्कं खाल्लंय माजं."

त्या दिवशी बाजार आणखी पडला. मला ते रात्री जेवताना नवऱ्यानं सांगितलं.