भिंतीवरचा चौकोन

पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. वडील छावणीतल्या एका कचेरीतून निवृत्त झाले. इतकी वर्षं ते स्वतः बँकेत जाऊन सही करून यायचे. गेल्या साली गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून दाखला मोबाइलवरच काढायचं ठरवून मी रविवारी दुपारी पडेगावला त्यांच्याकडं गेले. आई गेल्यापासून ते तिथं एकटेच राहतात.

त्यांना खुर्चीत बसवून मी फोन समोर धरला. चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन उमटला की फोटो निघणार होता. चौकोन उमटला, पण त्यांच्या चेहऱ्याभोवती नाही. त्यांच्या डाव्या खांद्यामागं, कपाट आणि खिडकीच्या मधल्या मोकळ्या भिंतीवर. मी फोन हलवला. चौकोन थरथरला आणि पुन्हा तिथंच जाऊन थांबला, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर.

“काय झालं?”

“तुमचं तोंड सोडून भिंतीवरच तोंड दिसतंय त्याला.”

त्यांनी सावकाश मागं वळून पाहिलं. “तिथं तर कोणी नाय.”

भूत, भानामती, नवस यांतलं काहीही वडिलांनी आम्हाला शिवू दिलं नव्हतं. विहारात ते यावर तासतास बोलायचे. त्यामुळं मी हसून विषय संपवला. अंगणातल्या उजेडात दाखला लगेच निघाला. मी निघाले तेव्हा मात्र ते म्हणाले, “माय, तो चौकोन कसा आणायचा तेवढं शिकव.”

तोवर त्यांना फोन उचलायचा आणि ठेवायचा एवढंच यायचं. आम्ही भावंडांनी शिकवून पाहिलं होतं आणि कंटाळून सोडून दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी एकेक पायरी वहीत लिहून घेतली.

पंधरा दिवसांनी गेले, तर त्यांच्या फोनमध्ये त्याच भिंतीचे फोटो. सकाळचे, दुपारचे, दिवा लावून, खिडकीला चादर बांधून. एकाही फोटोत माणूस नाही. वहीत वेळा मांडलेल्या: तीन दहा, आला. सव्वातीन, आला. पाच, नाय.

“सावलीचा खेळ असंल,” ते म्हणाले. “पण दुपारीच येतो. अन् मी खुर्ची तिकडं वळवून बसलो तरच. उठलो की नाय.”

त्या दिवशी त्या भिंतीकडं पाठ करून मला बसवेना. चहा मी उभ्यानंच घेतला.

मग त्यांनी भिंत रंगवून घेतली. ओल होती, पोपडे आले होते, त्यांचाच काही आकार होत असणार. रंगानंतर चौकोन आला नाही.

“बघ, मी म्हणलो व्हतो,” त्यांनी फोनवर सांगितलं. मग म्हणाले, “उगं रंगवली.”



हल्ली ते स्वतःहून व्हिडिओ कॉल करतात, बहुतेक तीनच्या सुमाराला. मी शाळेत शिकवते. तास नसला तर उचलते. पडद्यावर ते नसतात. मागचा कॅमेरा चालू करून त्यांनी फोन भिंतीकडं धरलेला असतो.

“बाबा, तुम्ही दिसत नाही.”

“माझं राहू दे. तुला काही दिसतंय का तिथं?”

पांढरी भिंत, कपाटाची कड, खिडकीतून आलेलं थोडं ऊन. मी दर वेळी नीट बघते. मगच नाही म्हणते. ते “बरं” म्हणतात, आणि मी आज डब्यात काय नेलं होतं ते विचारतात.