छप्पन एपीओ कुठे आहे?

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही चौथीत आहात आणि भर दुपारी गोधडीवर पडल्या पडल्या तुमचा डोळा लागतो आहे. अजून पुरता लागलेला नाही. अंगणात कोंबडी माती उकरते आहे. शेजारच्या ओसरीवर बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या आहेत, त्यांत तुमची आईही आहे. शेंगांचा कटकट आवाज हळूहळू लांब जातो. आता तुमच्या जागी त्या गोधडीवर मला झोपवा, कारण पुढचं सगळं मला दिसलेलं आहे.

साल एकाहत्तर. लढाई चालू आहे आणि माझे आबा फौजेत आहेत. आईला वाचता येत नाही, म्हणून त्यांची पत्रं मी वाचते आणि उत्तरंही मीच लिहिते. आपण कुठे आहोत हे लिहायची फौजींना बंदी असते. आबांच्या पत्त्यात त्यांचा नंबर, नाव, पलटण आणि शेवटी छप्पन एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल कचेरीचा आकडा, एवढंच. त्यावरून गाव कळत नाही. मागच्या पत्रात आबांनी चुकून गावाचं नाव लिहिलं, आणि त्यांच्या साहेबांनी त्यावर काळी शाई फिरवली. मी तो कागद उन्हासमोर धरला, तर शाईखालची अक्षरं दिसली. ते नाव मला ठाऊक आहे. आईलाही सांगितलेलं नाही. त्यानंतर आबांचं पत्र आलेलं नाही.

दारात गेनूतात्या उभे आहेत. खाकी कपडे, खांद्याला टपालाची पिशवी. आमच्या वाडीचे पोस्टमन. दिवाळीआधी ते तापाने गेले, त्यांची तिरडी याच दारावरून गेली. हे मला आठवतं आहे, तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

"काय मास्तरीणबाई, झोपा काढताय?" ते म्हणतात. घरोघरची पत्रं वाचते म्हणून ते मला असंच चिडवायचे.

मी विचारते, तुम्ही अजून टपाल वाटता? ते हसतात. काम कुठं सुटतं, म्हणतात, फक्त बदली झाली, आता पलीकडचा भाग दिलाय. तिकडे हल्ली फौजी पुष्कळ येतात. रोज येतात. त्यांची पत्रं मागून येतात, ती वाटायची.

ते पिशवीतून एक निळं पत्र काढतात. त्यावर माझं अक्षर आहे. आबांचं नाव आहे. हे मी आत्ता आत्ताच पेटीत टाकलं होतं.

या पिशवीतलं टपाल मेलेल्या माणसांचं असतं.

"आबा तिकडे नाहीत," मी म्हणते.

"अजून नाहीत," तात्या म्हणतात. "मीच निघालोय त्यांच्याकडे. पण तू पत्ता काय लिहिलायस बघ. छप्पन एपीओ. हे काय गाव आहे का, पोरी? मी जायचं कुठं, ते सांग की."

मी उंबऱ्याला घट्ट धरते, तर हाताला उंबरा नाही, शाळेतली लाकडी मोजपट्टी लागते. आम्ही आमच्या वर्गात आहोत. भिंतीवर नकाशा आहे. तात्या छडी घेऊन त्याच्यापाशी उभे आहेत. खाली तरटावर मुलांच्या जागी फौजी बसलेत, मांडी घालून, ओळीने. बूट चिखलाने भरलेत. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक न उघडलेलं पत्र आहे. दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंचे जवान जरा सरकून बसलेत, कोणी येणार असल्यासारखे.

"उत्तर कुणाला येतं?" तात्या विचारतात.

माझा हात आपोआप वर जायला लागतो. वर्गात सगळ्यांत आधी माझाच हात वर असतो. मी तो दुसऱ्या हाताने खाली दाबते. तात्या छडी नकाशावरून सावकाश फिरवतात. छडी त्या गावाजवळ येते, पुढे जाते, परत येते. ते नकाशाकडे बघतच नाहीत. माझ्या डोळ्यांकडे बघतात. मी डोळे मिटते. मिटले तरी वर्ग दिसतोच.

ते जवळ येऊन माझ्याशेजारी टेकतात. जिवंत असताना बोलायचे तसंच, मायेने बोलतात. बाप थंडीत बसलाय, म्हणतात. सगळ्यांना पत्रं आली, त्याला नाही.

"एवढी हुशार पोर, आणि बापाचं पत्र अडवून बसलीस?"

मला रडू येतं. नाव जिभेवर आलेलं आहे. बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज येतो, पण तो शेंगांचा नाही. सगळे जवान एकदम डोकी खाली घालतात.

पुढे मी जन्मभर मुलांना सांगत आले, येत असेल तर बेधडक बोला. तिथे मात्र मी म्हणते, "मला येत नाही."

"येतं तुला."

"नाही येत."

तात्या खिशातून लाखेची कांडी काढतात. पिशवीचं तोंड बंद करायची ती लाल लाख. काडी ओढून कांडीचं टोक वितळवतात.

"मग आता कुणालाच सांगायचं नाही," ते म्हणतात, आणि ते लाल टोक माझ्या तोंडाजवळ आणतात.

आई मला हलवते आहे. ऊन तिरपं झालं आहे. ओठ चावलास की काय, रक्त आलंय, असं म्हणत ती पदर ओला करून माझा खालचा ओठ पुसते. ते पुसलं जात नाही. ती नखाने खरवडते. तिच्या तळव्यावर एक टणक, चकचकीत, लाल थेंब पडतो. आई त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे. हे कुठून आलं, विचारते. मी काही सांगत नाही. ती पुन्हा विचारत नाही, पण माझ्याजवळून उठतही नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी म्हणते, लिही. मी लिहिते. शेवटी पत्ताही नेहमीसारखाच लिहिते. पण दुसऱ्या दिवशी मी ते पेटीत टाकत नाही. दुपारी नवा पोस्टमन येईपर्यंत रस्त्यावर उभी राहते. तरुण आहे, तालुक्याहून सायकलवर येतो, मला ओळखत नाही. मी पत्र पुढे करते. तो धरतो, पण मी सोडत नाही. अगं दे की, म्हणतो.

मी दुसऱ्या हाताने त्याची बोटं चाचपून बघते. गरम आहेत, घामेजलेली आहेत. मग मी पत्र सोडते.